अर्धा चेहरा

कर्णबधिर मुलांच्या शाळेत बाईंना एकवीस वर्षं झाली होती. मुलं त्यांच्या ओठांकडे बघून शब्द ओळखायची. मग कानाजवळ गाठ आली. ती काढताना डॉक्टरांना चेहऱ्याची नसही कापावी लागली आणि डावी बाजू लोंबली. डोळा मिटेना, ओठ मिटेनात.

शाळेत परतल्यावर पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या, "पान." सगळ्या मुलांनी 'कान' समजून कानाला हात लावला.

बाईंनी फळ्यावर पान काढून दाखवलं. वाईट वाटायला हवं होतं, पण आतून काही हललं नाही.

प्लास्टिक सर्जननी तीन शस्त्रक्रिया सुचवल्या: डोळ्याची, ओठ वर ओढून घेण्याची आणि पायातली नस लावून हसू परत आणण्याची. विमा कंपनीने डोळ्याची मंजूर केली. बाकीच्या दोन 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारल्या.

बाईंनी फोन लावला. पलीकडचा साहेब सभ्य होता. "मॅडम, बोलण्यात अडचण असती तर विचार केला असता. पण तुमचं बोलणं तर मला नीट कळतंय."

"हो," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नणंद शेजारीच बसली होती. तिचा पारा चढला. "हो काय, वहिनी? त्याला ऐकू येतं, तुमच्या मुलांना येत नाही, एवढं सांगायचं ना!"

"सुचलं नाही."

मग नणंदेनेच अर्ज लिहिला, मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं, चार वेळा खेटे घातले. शेवटी कंपनीने समितीपुढे बोलावलं. समितीतल्या डॉक्टरांनी बाईंना एक उतारा वाचायला दिला. बाईंनी वाचला. डावा डोळा गळत होता, तो त्या रुमालाने टिपत होत्या.

"स्पष्ट आहे की," डॉक्टर म्हणाले.

नणंद उठून उभी राहिली. "आता त्या आवाज न करता वाचतील. तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी नुसते ओठ हलवून पाच शब्द म्हटले. डॉक्टरांनी लिहिले. एक बरोबर आला. त्यांनी तो कागद शेजारच्या सदस्याकडे सरकवला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ओठांची शस्त्रक्रिया 'पुनर्रचना' म्हणून मंजूर, हसण्याची नामंजूर. नणंदेने दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. "अहो, काहीतरी बोला ना!"

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि पत्र फाइलला लावलं.

डॉक्टरांनी मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी काढून तिने ओठाचा कोपरा वर बांधला. सूज उतरल्यावर ओठ जेमतेम टेकायला लागले. मुलं प, ब, म पुन्हा ओळखू लागली. मुख्याध्यापकांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या, कारण बाईंना अजून चावता येत नव्हतं.

चेहरा मात्र हलत नव्हता. एका छोट्या मुलीने खुणेने विचारलं, 'रागावलात?' बाईंनी 'नाही' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी.

'मग खूश आहात?' मुलीने खूण केली.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी खडू उचलला.

आता रोज सकाळी तारखेखाली त्या एक ओळ लिहितात: बाई रागावलेल्या नाहीत. मग धडा सुरू करतात.