नव्वद अंडी आणि एक पुल-अप

टेंभुर्णीत टीव्ही दुरुस्त करावा तर पुंजारामनंच, असा त्याचा लौकिक. त्या लौकिकानंच घात केला म्हणा ना! दोन हजार दोन साली त्यानं पुस्तकावरून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हुकूम भरून ठेवायची चिप, शिकायला घेतला आणि शेजारच्या सगुणाबाईला अंडी उबवायची पेटी करून दिली. तापाच्या थर्मामीटरवर शंभर दिसलं पाहिजे. ऊब वाढली की आतली धातूची पट्टी वायरीपासून सुटायची, ते ओळखून चिपनं बल्ब बंद करायचा. सगुणाबाईनं भरवशावर गावठी कोंबड्यांची नव्वद अंडी आत ठेवली.

सतरा दिवस बराबर चाललं. अठराव्या दिवशी सकाळी ती धावत आली.

"भाऊ, जल्दी चला! बल्ब विझूनच न्हाई राह्यला!"

थर्मामीटर एकशे तीनवर. पुंजाराम पेटीकडं धावला. त्यानं रिसेट दाबलं. बल्ब विझला, लगेच पुन्हा लागला. सगुणाबाई वाकून पाहायला गेली, तिचा हात त्या पट्टीच्या वायरीजवळ गेला अन् बल्ब विझला. हात मागं घेतला, लागला.

"माह्या हाताचं ऐकतंय, तुमचं न्हाई," ती रडकुंडीला आली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पुस्तकातले इनपुट, आउटपुट, रिले हे शब्द त्याला कळले होते. इनपुटला 'पुल-अप' लावा असंही लिहिलं होतं, पण ते काय असतं ते कळलं नव्हतं. एवढा मोठा मेकॅनिक, चिप जिथून आणली त्या जालन्याच्या दुकानातल्या पोरासोरांना कसं विचारणार? गाळून टाकलं होतं. जळो ती लाज!

बल्बची वायर उपटून तो एसटीडी बूथवर पळाला आणि जालन्याच्या दुकानाला फोन लावला. लाइन खराब, बाकावर चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत ओरडावं लागलं.

"दादा, पुल-अप म्हंजे काय रे?"

"काका, इनपुट मोकळं सोडलं की ते भरकटतं. पिन अन् पाच व्होल्टच्या मधी दहा हजार ओहमचा रेझिस्टर टाका."

असले रेझिस्टर त्याच्या डब्यात मूठभर पडले होते. त्यानं एक डाग मारून बसवला. बल्ब शहाण्यासारखा चालू-बंद होऊ लागला.

एकविसाव्या दिवशी एकतीस पिल्लं निघाली. बाकीची अंडी सगुणाबाईनं मुकाट्यानं बांधावर पुरली. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पुंजारामला वाटत राहिलं.

आठ दिवसांनी ती पुन्हा टोपलीभर अंडी घेऊन दारात उभी.

"खरं सांगा भाऊ, ह्या पेटीतले अजून किती शब्द तुम्हाला कळले न्हाईत?"

पुंजारामनं मान खाली घातली. "तीन."

"मंग आधी ते इचारून या," ती म्हणाली आणि टोपली मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली.