ड्वेनची सही

“रोझान, ही ड्वेनची सही नव्हे गं,” बँकेच्या काउंटरपलीकडून ट्रूडी हळू आवाजात म्हणाली.

चेक कराच्या परताव्याचा होता, नवरा-बायको दोघांच्या नावावर. गेल्या वर्षीचा कर त्यांनी एकत्र भरला होता. नाताळ उरकला आणि ड्वेन कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन घराबाहेर पडला. धड भांडणसुद्धा झालं नाही. आता चेक वटायचा तर दोघांच्याही सह्या हव्या होत्या.

“त्याचीच आहे. टपालाने पाठवून मागवलीय. तो बोटीवर आहे, पार खाली न्यू ऑर्लीन्सच्या वाटेवर.”

“अगं, इतकी वर्षं त्याचे चेक माझ्याच हातून जातायत. त्याची सही झोकदार, शेवटी शेपूट. ही बघ.” ट्रूडीने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. खातं उघडताना दिलेलं, सह्यांच्या नमुन्याचं कार्ड होतं ते.

ते कार्ड रोझानने स्वतःच स्वयंपाकघरात बसून भरलं होतं, दोन्ही सह्यांसकट. ड्वेन कामाला नदीतल्या बोटीवर, महिना महिना बाहेर. शाळेचे कागद, घरभाडं, चर्चची वर्गणी, सगळीकडे त्याचं नाव तीच लिहायची. “तुझ्या हातचं माझं नाव जास्त रुबाबदार दिसतं,” असं तोच म्हणायचा. या खेपेलाही तिने सवयीने पेन उचललं होतं. मग आपला आता काय हक्क, असं वाटून खाली ठेवलं. एवढा एक प्रामाणिकपणा तिला भोवला.

खरं सांगावं, तर आजवरच्या सगळ्या सह्या खोट्या ठरणार.

“तो उतरला की दोघं मिळून या,” ट्रूडी म्हणाली. “त्याला लायसन्स आणायला सांग.”

“उतरायला महिना आहे गं. गाडी कर्टिसच्या गॅरेजमध्ये अडकलीय, दुरुस्तीच्या पैशांशिवाय सोडत नाही तो. आणि सोमवारी स्वतःच्या गाडीने कामावर गेले नाही, तर वृद्धाश्रमातली नोकरी गेली म्हणून समज.”

“माझ्या हातात असतं तर दिले असते गं.” ट्रूडीने चेक परत सरकवला.

बाहेर येऊन रोझानने ड्वेनला फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती.

“नाही वटला. सही जुळत नाही म्हणे.”

“मग तूच करायची होतीस ना, नेहमीसारखी. मला कशाला पाठवलास?”

“आता कुठल्या नात्याने करू?”

“मी नीट केली होती गं,” तो म्हणाला. “चेक खराब होऊ नये म्हणून आधी गिरवून बघितली.”

त्याच्याकडून चेक ज्या टपालाच्या पाकिटातून आला होता, ते तिने उलटं केलं. मागच्या बाजूला त्याचं नाव चार-पाचदा लिहिलेलं होतं, शाळकरी पोरासारखं, सावकाश, एकेक अक्षर सुटं. लग्नाच्या दाखल्यानंतर त्याचं अक्षर ती आजच नीट पाहत होती. तिला रडू आलं, आणि ते गाडीसाठी नव्हतं.

चेक पाकिटात घालून ती कर्टिसच्या गॅरेजपर्यंत चालत गेली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडीची किल्ली पुढे केली.

“पैसे दिल्याशिवाय गाडी नको. बूट तेवढे घेते,” ती म्हणाली.

मागच्या सीटवरचे कामाचे पांढरे बूट तिने काढून घेतले, दार हलकेच लावलं आणि किल्ली त्याच्या हातात परत दिली.