अर्धं पातेलं

माझ्या आत्याशी वाद घालणं म्हणजे डोक्याला ताप, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी मी घातला. ती कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते आणि मी त्याच कारखान्याचा टेम्पो चालवते. घरचं भांडण कामावर आणि कामावरचं घरी, असं आमचं सोयीचं चालतं.

"आत्या, पूरग्रस्तांना सगळे पाकिटं नेतात. उचलायला सोपी, वाटायला सोपी."

"ओल्या कपड्यांत बसलेल्या माणसाच्या हातावर बिस्किट ठेवतेस? गरम भात न्यायचा आणि बटाट्याची पातळ भाजी. आणि न्यायचं ते पातेल्यातून. पिशवीत भरला की भाताचा लगदा होतो."

तिने डोळे वटारले आणि विषय संपला. कँटीनची सगळ्यात मोठी चार पातेली बाहेर निघाली. एकेक उचलायला चार माणसं लागायची.

भांडी घासणारी खणखणताई बटाटे चिरत होती. ती कामावर आली की अख्ख्या कारखान्याला ऐकू जातं, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र तिचा काही आवाज नव्हता. नदीकाठच्या वस्तीत, शाळेच्या वरच्या मजल्यावर, तिची म्हातारी आई आणि मुलगी अडकली होती. ही रात्रपाळीला होती म्हणून अलीकडे राहिली. आदल्या दिवशी आईचा फोन आला होता, "इथे कुणाकडेच खायला काही नाही. पण पोरगी रडत नाही हो," आणि फोन बंद पडला. पोरगी रडत नाही हेच तिला खात होतं. सगळं जेवण त्या शाळेसाठी होतं.

पातेली, आत्या आणि खणखणताई टेम्पोत घेऊन मी निघाले. पेट्रोल पंपाच्या चौकात रस्ता पाण्यात शिरत होता. पुढे टेम्पो जाणं शक्य नव्हतं. पंपाच्या छपराखाली आसपासच्या गल्ल्यांतली माणसं गोळा झालेली. मदतीची प्रत्येक गाडी इथेच थांबायची आणि इथेच रिकामी व्हायची, त्यामुळे बिस्किटांची रिकामी खोकी त्यांनी बसायला अंथरली होती.

अग्निशमन दलाच्या जवानाने पातेल्यांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बोट एकच आहे, तीही दवाखान्यासाठी. त्यात ऑक्सिजनची नळकांडी भरली आहेत. पाकिटं असती तर जाता जाता शाळेवर टाकली असती."

मी आत्याकडे बघितलं.  माझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं होतं.

चौघांनी हिंमत करून एक पातेलं पाण्यात उतरवून पाहिलं. ते काठापर्यंत बुडालं, आणखी बोटभर खाली गेलं असतं तर भाताची वाट लागली असती. आरडाओरडा करत ते परत ओढलं.

"काकू, इथेच वाढा की," छपराखालचा एक मिशाळ इस्त्रीवाला म्हणाला. "आम्हीपण बुडालेलेच आहोत. बिस्किटं खाऊन खाऊन तोंडाचा भुसा झालाय."

"हे शाळेतल्या लोकांचं आहे," आत्या डाव उगारून पातेल्यांसमोर उभी राहिली. "झाकणाला हात लावून दाखवा."

कुणी हात लावला नाही. पण कुणी हललंही नाही. भाताची वाफ झाकणाच्या फटीतून येत होती आणि लहान मुलं तिच्याकडे टक लावून बघत होती. असा बराच वेळ गेला. मला आत्याचा राग येत होता, त्या माणसांची कीव येत होती आणि शाळेचा विचार करायची हिंमत होत नव्हती.

शेवटी खणखणताईच पुढे आली. "वाढा, ताई," ती म्हणाली. "इथे गार होऊन आंबण्यापेक्षा कुणाच्या तरी पोरांच्या पोटात जाऊ दे."

हे बोलताना तिने शाळेच्या दिशेला पाठ केली होती. आत्याचा उगारलेला हात खाली आला. तिने नाक ओढलं, पहिलं झाकण उघडलं आणि तीच सवयीची आरोळी ठोकली, "रांगेत! आधी मुलं! मिशा सगळ्यात शेवटी!"

माणसं उभ्याउभ्या जेवली. पातेलं अर्ध्यावर आलं तेव्हा मी ते बाजूला घ्यायला गेले. एकटीने. उगाच जोर दाखवायची मला खोड आहे. उतारावर चिखल होता, माझा पाय सरकला, हातातून कडी सुटली आणि पातेलं घसरत थेट पाण्यात गेलं.

मी किंचाळले. आत्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. त्या तिच्याही पिढ्या होत्या, पण रागात तिला ते सुचलं नाही. मग ती मध्येच थांबली.

पातेलं बुडालं नव्हतं. अर्धा भात पोटात घेऊन ते पाण्यावर ऐटीत डुलत होतं. वीतभर काठ सुका होता.

"वाढणं बंद!" आत्या ओरडली. "नाही, चालू! सगळी अर्धी करा! पटापट जेवा रे, काय तोंड बघताय!"

मिशाळाने घास गिळला, ताट ठेवलं आणि पँट गुडघ्यावर दुमडली. पाणी छातीपर्यंत होतं, पँट दुमडून काय होणार होतं कोण जाणे. त्याच्यामागे दहा जण उतरले, मग वीस. आता जेवलेली, अंगात जोर आलेली माणसं. जवानाने आधी नाही म्हणून पाहिलं. मग पाणी वाहत नाही, रस्ता सरळ आहे हे बघून त्याने कमरेला दोर बांधला आणि पुढे झाला. "दुभाजकाला धरून चला. कुणी घाई करायची नाही."

झाकणं बांधली आणि आमची वरात निघाली. प्रत्येक पातेल्याला आठ हात. आत्याला पोहता येत नाही. "तुम्ही काठावर थांबा," जवान म्हणाला. "माझं जेवण मी वाढल्याशिवाय कुणी वाढत नाही," ती म्हणाली आणि भाजीच्या पातेल्याची कडी घट्ट पकडून उतरली. वाटेत फक्त एकदा ती माझ्या कानाशी पुटपुटली, "अर्धं संपवलं गं मी. पुरेल ना?" इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

शाळा दिसली तशी वरच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली. आणि त्यातल्या एका खिडकीतून हाक आली, "आई!"

खणखणताईने पातेलं सोडलं नाही. ढकलत राहिली, पण मोठ्याने रडत आणि हसत, आणि वर ती पोरगीही आता मनसोक्त रडायला लागली. इतकं छान रडणं मी ऐकलेलं नाही.

जिन्यावर वरपासून खालपर्यंत माणसं बसली. आत्या वाढत वर गेली, वाढत खाली आली. प्रत्येक ताटाला डाव तळाशी घासल्याचा आवाज वाढत होता, आणि मी उरलेली ताटं मोजत होते. शेवटचं ताट शाळेच्या शिपायाचं. ते भरलं. आत्याने चारही पातेली एकेक करून आडवी केली आणि सगळ्या जिन्याला तळ दाखवला. "बघा! संपलं आणि पुरलं!" जिना टाळ्यांनी दणाणला. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. आम्ही जिंकलो होतो आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नव्हतं.

मग आत्याने रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, खणखणताईच्या आईकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच माप घेतलं.

"मला काय शिजवायला नेताय?" म्हातारी म्हणाली.

"बसा हो आजी, झाकण लावत नाही."

चार पातेल्यांतून शाळेतली म्हातारी माणसं आणि लहान मुलं चौकाकडे निघाली, आणि उरलेल्यांसाठी पुन्हा फेऱ्या ठरल्या. सगळ्यात पुढे मांडीवर नातीला घेतलेली आजी काठ पकडून ताठ बसली होती, आणि मागून खणखणताई तिचं सगळं घरदार ढकलत आणत होती.