कांद्याची तिरामिसू

मावशीचं मिठाईचं दुकान टीचभर होतं, पण तिथला कायदा फार कडक. तिरामिसू एकच आणि तिची रीतही एकच. लांबट, हलकी बिस्किटं कडक कॉफीत बुडवून लगेच काढायची, त्यावर फेटलेली अंडी आणि साईसारखं दाट चीज यांचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा थर, आणि शेवटी चाळणीतून कोकोची भुकटी. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने "स्ट्रॉबेरीची मिळेल का हो?" असं विचारलंच, तर मावशी रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणायची, "फळवाला तिकडे बसतो."

तिच्या हाताखाली तिच्या बहिणीची मुलगी काम करायची. घरात सगळे तिला चिमी म्हणत, कारण लहानपणी ती चिमणीसारखी एका जागी बसायची नाही. आताही हात एका जागी ठरत नसत. थर लावता लावता ती म्हणायची, "मावशी, कॉफीऐवजी संत्र्याचा रस घालून बघू या का गं?" मावशी मान वर न करताच विचारायची, "का? कॉफीने तुझं काय घोडं मारलंय?" विषय तिथेच संपायचा.

मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दुकानाच्या किल्ल्या चिमीच्या हातावर ठेवताना मावशीने त्या क्षणभर सोडल्याच नाहीत.

"मी येईपर्यंत काहीही बदलायचं नाही. कळलं?"

"छे गं, मावशी! माझी काय बिशाद!" असं म्हणून चिमीने किल्ल्या ओढून घेतल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. मावशी घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, पाय समोरच्या स्टुलावर. दर रविवारी चिमी यायची, दुकानातली तिरामिसू वाटीत घालून द्यायची आणि सांगायची, "बघ, जशीच्या तशी. दुकानातली एक काडी इकडची तिकडे झालेली नाही." मावशी चाखायची. कॉफी किंचित जास्त, बाकी नाव ठेवायला जागा नाही. तिला बरं वाटायचं आणि थोडं वाईटही वाटायचं. आपल्यावाचून इतकं सुरळीत चालावं, हे काही खरं नव्हे.

अशात एका दुपारी घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी तिची तब्येत बघायला आले. हातात दुकानाचाच खोका.

"म्हटलं, तुमच्याच दुकानातलं तुम्हाला न्यावं. ही लिंबाची आमच्या घरी सगळ्यांना फार आवडते."

"कसली?" मावशीने विचारलं.

"लिंबाची. बुधवारी पिस्त्याची असते, पण आज काही बुधवार नाही."

मावशीने खोका उघडला. पिवळी! वर कोको नाही, लिंबाच्या सालीचा बारीक कीस. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चेहऱ्यावर तिने हसू आणलं आणि पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं. दार लागताच तिने चमचा उचलला. चिमीला कुठे कुठे बोलायचं हे नेमकं ठरवण्यासाठीच ती खाणार होती.

अर्धा खोका संपला तरी बोलायला काही सापडेना. बिस्किटं लिंबाच्या पाकात अशी भिजली होती की ओली होती पण गाळ झाली नव्हती. उरलेला अर्धा खोका काकांनी संपवला. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांना काहीही खायला द्या, ते "छान आहे" म्हणायचे. एकदा त्यांनी कच्च्या पिठाच्या गोळ्यालाही छान म्हटलं होतं. त्यामुळे त्यांचं मत घरात कोणी मोजत नसे.

साधी बाई असती तर तिने फोन उचलून भाचीची खरडपट्टी काढली असती. पण खुर्चीत बसून बसून मावशीचं डोकं भलतीकडे चालायला लागलं होतं. पोरगी आपल्याला फसवते आहे ना? मग आपणही थोडी गंमत करू. असं काहीतरी मागवायचं की तिच्या हातून ते साधणारच नाही. एकदा तोंडावर आपटली की आपोआप कॉफीकडे वळेल.

पण फोनवर आवाज चिमीच्या ओळखीचा. काकांचाही ओळखीचा. राहिली व्यायामवाली.

व्यायामवाली म्हणजे गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला येणारी बाई; रविवारी ती येत नसे, म्हणून चिमीने तिला पाहिलेलं नव्हतं. उंच, सरळसोट, हसण्याच्या बाबतीत काटकसरी. मावशी पाय वाकवताना हमखास रडारड करायची, आणि "आज नको, उद्या दुप्पट करू" असं म्हणायची. त्या दिवशी मावशीने तिला आपली योजना सांगितली. व्यायामवालीने सगळं ऐकून घेतलं.

"मी फोन करीन," ती म्हणाली. "खोकाही मीच घेऊन येईन. पण प्रत्येक फोनमागे गुडघा आणखी थोडा वाकला पाहिजे. कण्हायचं नाही."

"अगं, ही तर सक्ती झाली!"

"मग मी निघते."

मावशीने दात-ओठ खात गुडघा वाकवला आणि व्यायामवालीने फोन लावला. तिच्या त्या कोरड्या आवाजात तिने सांगितलं, "मला लाल भोपळ्याची तिरामिसू हवी आहे. परवा संध्याकाळी नेईन." पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग चिमी म्हणाली, "बरं. वेलची चालेल?"

भोपळ्याची आली. भोपळा भाजून, घोटून थरात मिसळलेला, रंग असा की मावशीने खोका उजेडात धरून बघितला. चव उत्तम. मावशीचं तोंड कडू झालं. काका म्हणाले, "छान आहे." व्यायामवालीने एक घास घेतला, मग बोलता बोलता आणखी दोन घेतले.

पुढचा वार बीटचा होता. तो मात्र बसला! थर सुटलेले, बिस्किटांचा चिखल, आणि चव ओल्या मातीच्या कुंडीसारखी. मावशीला इतका आनंद झाला की तिने तो अख्खा दिवस कण्हल्याशिवाय व्यायाम केला. "बघितलंस?" ती व्यायामवालीला म्हणाली. "आता येईल ताळ्यावर."

पण ताळ्यावर येणं चिमीच्या रक्तातच नव्हतं. तिने दुसऱ्याच दिवशी व्यायामवालीला उलट फोन केला. "बाई, कालची बिघडली होती, मला माहीत आहे. ही घ्या नवी, माझ्याकडून." नव्या खोक्यातलं बीट भाजलेलं होतं, सोबत चॉकलेट होतं आणि चिखल नव्हता. मावशीने खोका बाजूला सरकवला. मग परत ओढून घेतला.

आता हट्टाला पेटायची पाळी मावशीची होती.

"कांदा," ती म्हणाली.

व्यायामवालीने पहिल्यांदाच भुवया वर केल्या. "तिरामिसू? कांद्याची?"

"कांद्याचीच. बघू कशी करते."

"याला गुडघा पार शेवटपर्यंत वाकवावा लागेल," व्यायामवाली म्हणाली. मावशीने वाकवला.

त्या रविवारी चिमी आली ती डोळ्यांखाली काळं घेऊनच. वाटीतली नेहमीची तिरामिसू तिने मावशीच्या हातात दिली आणि पलंगाच्या कडेवर बसून चादरीच्या सुरकुत्या सरळ करत राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही तिची जुनी खोड मावशीला पाठ होती.

"मावशी, समजा... आपलं सहज विचारते हं. समजा एखाद्याने डोकं फिरल्यासारखं कांद्याचं काहीतरी गोड मागितलं, तर?"

"कोण मागेल असलं?" मावशीने निरागसपणे विचारलं.

"कोणी नाही गं! मैत्रिणीशी पैज लागली आहे. एक बाई आहे, म्हणजे पैजेतली बाई. तिला काहीही द्या, ती पुढच्या वेळी त्याहून विचित्र मागते. मला आता तिचा रागही येतो आणि हरायचंही नाही. काल तीनदा कांदा परतला. एकदा जळला, एकदा कच्चा राहिला, एकदा पाणी सुटलं."

मावशीने ओठ घट्ट मिटून घेतले. नुसतं गप्प बसायचं होतं. जिंकायला तेवढंच पुरे होतं. पण कांदा जळला म्हणजे आच मोठी होती, आणि आच मोठी होती हे ऐकून गप्प बसणं तिच्याच्याने होईना. तिने खिडकीबाहेर बघितलं. भिंतीकडे बघितलं. शेवटी राहवेना.

"मोठ्या आचेवर कोणी कांदा परततं का, वेडे! मंद आच, जाड बुडाचं पातेलं, आणि तिथून हलायचं नाही. त्याची गोडी त्यालाच सोडू द्यायची, वरून साखर टाकायची नाही. आणि मुळात गोड कशाला करायचं? बिस्किटांच्या जागी पाव भाज. कॉफीच्या जागी कांद्याचाच तो काळा रस, जरा आटवून. चीजमध्ये मीठ. वर कोको नको, मिरी."

चिमी तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी! तुला हे कसं सुचलं?"

"सुचतंय कुठे, तोंडातून गेलं," मावशी चिडून म्हणाली. ते अगदी खरं होतं. आपल्याच पायावर असा धोंडा तिने आजवर पाडून घेतला नव्हता.

चिमीने तिच्या गालाचा मुका घेतला आणि ती पळतच खाली गेली.

दोन दिवसांनी कांद्याची आली. मावशी, काका आणि व्यायामवाली तिघं खोक्याभोवती बसले. तिघांचे चमचे एकदमच आत उतरले. चिमीने आपल्या मनाने तळाशी भाजलेले अक्रोड पसरले होते, आणि ते दाताखाली कुरकुरत होते. काकांनी खोका रिकामा झाल्यावर चमचा चाटला आणि विचारलं, "आणखी नाही का?" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी "छान आहे" सोडून दुसरं काही म्हटल्याचं मावशीला आठवत नव्हतं.

एव्हाना मावशीचा गुडघा असा काही वाकू लागला होता की डॉक्टरही चकित झाले. त्यांनी काठी घेऊन बाहेर पडायची परवानगी दिली, आणि मावशी कोणालाही न कळवता थेट दुकानात जाऊन उभी राहिली.

काचेच्या कपाटात सात रंग होते. कोपऱ्यात तिची कॉफीची होती, अर्धी संपलेली. चिमीच्या हातातली चाळणी तशीच राहिली.

"मावशी, मी सांगणारच होते..."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, शिंपीणबाई, त्याच गल्लीतल्या. "अगं, त्या दिवशी कोणासाठी तरी कांद्याची केली होतीस म्हणे. मिळेल का?"

"मिळेल की," मावशीच्या तोंडून गेलं. "फक्त तळाशी ते अक्रोड जरा कमी हवेत, चिमे. कांद्याची चव झाकली जाते."

चिमीने चाळणी सावकाश खाली ठेवली.

"अक्रोड," ती म्हणाली. "अक्रोडांचं मी तुला बोलले नव्हते, मावशी."

शिंपीणबाईंनी एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं आणि "मी नंतर येते" म्हणून दाराबाहेर गेल्या. पण फार लांब गेल्या नाहीत.

"ती बाई तू होतीस!"

"मी नाही. ती व्यायामवाली."

"मावशी!"

"बरं, थोडी मी होते."

चिमी आधी रागाने लाल झाली. बीट बिघडल्यावर ती रडली होती, हे तिने सांगितलं. कांद्यापायी तिच्या केसांना वास मारत होता, तेही सांगितलं. सांगता सांगता तिला आठवलं की ती स्वतः दर रविवारी "जशीच्या तशी" म्हणत वाटी घेऊन जात होती, आणि मग तिला हसू फुटलं. मावशीही हसली, पण जरा आवरतच, कारण मोठ्या माणसाने असं लगेच हसायचं नसतं.

"शिक्षा होणार तुला," चिमी म्हणाली.

"मला? या दुकानाची मालकीण कोण?"

"तूच. म्हणून तूच आठवडाभर गल्ल्यापाशी बसायचं. कोणी काहीही मागितलं तरी फळवाल्याकडे बोट दाखवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. लिहून घ्यायचं आणि 'होईल' म्हणायचं."

मावशीने खूप आढेवेढे घेतले. काठी आपटून बघितली, गुडघा दुखतोय असं म्हणून बघितलं. चिमीने लगेच व्यायामवालीला फोन लावला, आणि तो गुडघा आता मुळीच दुखत नाही, असं तिने सांगितलं. मग काही इलाज उरला नाही. तिने ॲप्रन बांधला आणि आधी चिमीला लिंबाचा पाक करून दाखवायला लावलं. पाक बिस्किटात किती वेळ मुरतो हे मावशीला अजून कळलं नव्हतं, आणि ते तिला झोपू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गल्ल्यापाशी बसली. पहिल्याच आलेल्या आजीबाईंनी कपाट वरून खाली बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मला साखर चालत नाही. चीज पचत नाही. अंडी मी खात नाही. कॉफीने झोप उडते आणि बिस्किटं दातांत अडकतात. पण तिरामिसू मला फार आवडते. कोणती देशील?"

आतून चिमी मान लांब करून बघत होती. मावशीचा हात फळवाल्याच्या दिशेने उचलला गेला, पण तिने तो मध्येच वळवून डोक्यावरचे केस नीट केले.

"होईल, आजी," ती गोड आवाजात म्हणाली. "वाटी मोठी देऊ की लहान?"