मामांची स्वच्छ माती

मामांनी बंद छापखान्याची जागा घेतली तेव्हा नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. मामींना मात्र तिथे पाळणाघर हलवायचं होतं. सध्याच्या दोन खोल्या मालकाने सोडायला सांगितल्या होत्या आणि एवढी पोरं घेऊन जायचं कुठे, या काळजीने त्यांची झोप उडाली होती.

अडचण एकच. छापखान्यातली अक्षरं शिशाची असत. शिसं मोठ्यांना वाईट, मुलांना फारच वाईट; आणि मुलं माती खातात. मी मातीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मामी म्हणाल्या, "तू हो म्हण, मगच मी सामान हलवते."

रविवारी यंत्र घेऊन गेले. दिसतं पिस्तुलासारखं, मातीला टेकवून घोडा दाबला की शिशाचा आकडा दाखवतं.

अंगणभर लालचुटुक, भुसभुशीत माती होती. मामा दारात नवरदेवासारखे उभे.

"ही कुठून आली?"

"जमिनीतून."

"मामा!"

"अगं, पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो ना? दोन ट्रक स्वच्छ माती पसरली. मामीला सांगू नकोस. चल, झाड गोळी."

झाडली. आकडा इतका मोठा आला की मला आधी यंत्राचाच संशय आला. पुसून पुन्हा टेकवलं. चार ठिकाणी तेच.

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे गेलं सगळं?"

मी वीतभर खणलं. लाल मातीखाली गवत आडवं पडलं होतं, अजून हिरवं. त्याखाली जुनी, काळी, घट्ट जमीन. तिथे आकडा अगदी किरकोळ. छापखानेवाले झिजलेली अक्षरं वितळवून पुन्हा ओतायचे. शिसं अंगणात पसरायला ते काही मामा नव्हते.

"मामा, जमीन चांगली आहे. घाण तुम्ही विकत आणलीत."

"विकत नाही हं," मामा दुखावले. "फुकट होती."

त्यांनी तिथल्या तिथे ट्रकवाल्याला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"रंगाच्या कारखान्यामागची माती ती," तो खुशीत म्हणाला. "रंग बघा कसा आलाय! परत न्यायची? नेतो की. एकांना भराव हवाच आहे."

"कोणाला?" मामी मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलंच नाही.

"शाळेच्या मैदानाला, वहिनी."

मामींनी फोन हिसकावून बंद केला.

मामा हळूच म्हणाले, "खालची जमीन चांगली आहे म्हणते ही. तेवढंच लिहून दिलं तर?"

"पोरं खालची माती खात नाहीत, वरची खातात," मामी म्हणाल्या. "अहो, ताडपत्री आणा. ही सांगेल तिथेच माती जाईल. तोवर मी मालकाचे पाय धरते, आणखी महिनाभर राहू दे म्हणून."

"आणतो." मामा जागचे हलले नाहीत. "पण सगळी इथे नाहीये. शेजाऱ्यांनी कुंड्यांसाठी मागितली होती. मी म्हटलं, न्या, घरचीच आहे."

"कोणीकोणी नेली?"

मामांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवली.

दुपारी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, घमेलं घेऊन मामांनी पहिली कडी वाजवली. मामी पायरीवर पहाऱ्याला उभ्या.

"वहिनी, ती माती जरा परत हवी होती."

"इश्श! दिलेलं कोणी परत मागतं का?"

"मागतं," मामा फडक्यातून म्हणाले. "विषारी असली की मागतं."