पाळणाघराची पाहणी

दारात मॅडम दिसताच दिव्याने खड्यांचा ट्रे पायानेच पलंगाखाली सरकवला. गोंदाची बाटली आडवी झाली, तीही तिने टाचेने आत ढकलली. मग ओढणी सावरत ती हसली.

"या ना मॅडम. बसा."

पाहणीला आलेल्या पर्यवेक्षिका स्वाती मॅडम बसल्या नाहीत. सकाळपासून त्या इतक्या घरांत बसल्या-उठल्या होत्या की त्यांची कंबर आता बसायचं नाव काढू देत नव्हती. त्यांच्या मागे संघप्रिया उभी होती. खारी या वस्तीतल्या अंगणवाडीची ती सेविका. गल्लीतल्या कुठल्या घरात काय शिजतं आणि कोण कोणाशी बोलत नाही, हे तिला तोंडपाठ. दिव्या सकाळी भांडी आटपली की कानातल्यांना खडे चिकटवायला बसते आणि दिवेलागणीला उठते, हेही तिला ठाऊक होतं. दिव्याचा दीड वर्षांचा मुलगा खडे गिळू नये म्हणून दिवसभर पलंगाच्या पायाला बांधलेला असतो. आत्ताही तो कमरेला जुनी ओढणी बांधून घेऊन पाहुण्यांकडे टकामका बघत होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि मोबाईलमधल्या पाहणीच्या फॉर्ममध्ये डोकं घातलं.

"काम करता का काही?"

"नाही ओ. घरीच असते."

संघप्रियाने दिव्याकडे पाहिलं. दिव्याने मोरीकडे पाहिलं. मोरीपाशी तिचा नवरा जितेश दाढी करत होता, आणि त्याचा हात थांबलेला होता.

"बायकोला कामाला लावायची वेळ नाय आली अजून आपल्यावर," तो आरशातच बघत म्हणाला. "लिहा, हाउसवाइफ."

मॅडमनी लिहिलं.

बाहेर आल्यावर संघप्रियाच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. आदल्या संध्याकाळी ती दारोदार फिरली होती. वस्तीत सरकारी पाळणाघर यायची शक्यता होती. सकाळी लेकराला सोडायचं, संध्याकाळी न्यायचं, मधे दूध, जेवण, झोप सगळं तिथेच आणि जवळपास फुकट. अट एकच. कामाला जाणाऱ्या आयांची वीस लहान मुलं वस्तीत सापडली पाहिजेत. वीस! या एका गल्लीत चाळीस निघाली असती. मॅडम येतील तेव्हा फक्त खरं सांगा, एवढंच तिने प्रत्येकीला सांगितलं होतं. दिव्या तर तिचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, ताई, हे झालं ना तर मी पेढे वाटीन.

पेढ्यांची संघप्रियाला पडली नव्हती. तिचं स्वतःचं घोडं अडलं होतं. तिची लेक मैत्री दोन वर्षांची. तिला आजवर सासू, केसरबाई, सांभाळत होती, पण गावाकडे परभणीला सासऱ्यांना, बापूरावांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि केसरबाईंना रविवारच्या गाडीने निघणं भाग होतं. नवरा अमोल स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यात कामाला. तिथे पोर नेणं म्हणजे वेडेपणाच. अंगणवाडीत तिने नेऊन पाहिलं होतं. तिसऱ्याच दिवशी मैत्रीने खिचडीच्या पातेल्यात हात घातला. हात बरा झाला, पण स्वतःचं मूल केंद्रात आणायचं नाही, अशी तंबी मॅडमनी तेव्हा दिली ती कायमची.

"मी नेते पोरीला संगं," केसरबाई म्हणाल्या होत्या. "साळंत जायाची झाली की आणून सोडते. रडू नगंस."

संघप्रिया तेव्हा रडली नव्हती. पाळणाघर होतंय, असं ती छाती ठोकून म्हणाली होती.

पुढचं दार शेवंतीचं. शेवंती खारीतली मूळची, घर स्वतःचं, त्यामुळे आवाजही मोठा. मांडीवर नातू होता, सार्थक, तिचा पदर तोंडात घालून चोखत असलेला. शेवंतीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि रांगतं मूल नेमकं कुठल्या कोपऱ्यात गेलंय हे तिला हल्ली आवाजावरूनच कळायचं. सून मिनल मॉलमध्ये बिलिंगला होती. सकाळी जी जायची ती रात्री यायची.

"आमची सून नं? ती न्हाय जात कुटं," शेवंती म्हणाली. "घरानच हाय."

"मग आत्ता कुठेय?" मॅडमनी विचारलं.

"बाजारान गेलीय. येल आता."

डोक्यावरच्या दोरीवर मॉलचा लाल टी-शर्ट वाळत होता. मॅडमनी मान वर करून तो वाचला.

"हा कोणाचा?"

"शेजारनीचा गो. तिच्या दोरीवर जागा न्हाय."

एरवी संघप्रिया यावर पोट धरून हसली असती.

"मावशी, अहो, काल मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"सांगितलंस, ऐकला मी." शेवंतीने नातवाच्या तोंडातून पदर सोडवला. "पण सरकार इचारते तवा काय द्यायाला इचारते का? आज कामाला जाते म्हनून सांगायचा, नि उद्या मिनलच्या खात्यान सरकारचे येतात ते पैसे बंद झाले तर तू भरशील?"

संघप्रियाने मॅडमकडे पाहिलं. पैसे बंद होणार नाहीत असं मॅडमनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग दारामागून दार असंच गेलं. कोणाची सासू शेजारी उभी, कोणाचा दीर. कोणाला रेशनकार्डाची भीती. केबिन रोडवर साड्यांना फॉल-बीडिंग करून देणारी एक उत्तर भारतीय बाई शिलाई मशीनवर चादर टाकत म्हणाली, "मैं तो घर पे ही रहती हूँ, दीदी." खरं बोलल्या त्या मोजक्याच. ज्यांच्या घरात लाजायला किंवा घाबरायला कोणी उरलेलंच नव्हतं, त्या.

दुपारी दोघी अंगणवाडीत परतल्या. मदतनीस मुलांना हात धुवायला नेत होती. मॅडम लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अखेर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मोबाईल बघून त्यांनी मान हलवली.

"निम्मीसुद्धा भरत नाहीत, संघप्रिया. मागणी नाही असंच वर जाणार."

"मागणी नाही?" संघप्रियाचा आवाज चढला. "मॅडम, ते पोर बांधलेलं होतं. तुम्ही बघितलंत."

"बघितलं ना. पण बघितलेलं भरायला यात जागा नाही. आईने सांगितलेलं भरायचं." मॅडम चिडल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात नुसता थकवा होता, आणि संघप्रियाला तोच जास्त लागला. चिडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मग मॅडमच म्हणाल्या, "एक होईल. जी मुलं आज भरलीत, त्यांना नया नगरच्या पाळणाघरात जागा देता येईल. तिथे आहेत शिल्लक. लांब पडेल, पण आहे."

संघप्रिया एकदम खाली, जमिनीवरच बसली. नया नगर. सकाळी शेअर रिक्षाने मैत्रीला सोडायचं, परत यायचं आणि अंगणवाडी उघडायची. लवकर उठावं लागेल. उठेल की. रात्री झोपली नाही तरी चालेल.

"मग माझ्या पोरीचं नाव घाला मॅडम. मैत्री. दोन वर्षं पूर्ण आहेत. मी तर खरंच कामाला जाते. मला कोणाची चोरी नाही."

मॅडमनी लगेच मोबाईल हातात घेतला. त्यांनाही मनापासून बरं वाटलं असावं, कारण त्या हसल्या. मुलीचं नाव घातलं, वय घातलं, आईचं नाव घातलं. पुढे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"काय झालं?"

"आईला पगार किंवा मजुरी मिळत असली पाहिजे."

"मग मिळतंच की."

"तुम्हाला मानधन मिळतं." मॅडम हळू बोलल्या. "मानधन पगारात धरत नाहीत. तुम्ही मानसेवी. माझ्या मनाचं नाही सांगत, मागे तुम्ही सगळ्या मोर्चा घेऊन गेलात तेव्हा हेच लेखी आलं होतं."

मॅडमनी एकदा मागे जाऊन पुन्हा सगळं भरून पाहिलं. मग त्यांनी 'रद्द' दाबलं आणि मोबाईल पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात मुलं ओले हात झटकत आत आली, आपापल्या ताटल्या घेऊन रांगेत बसली आणि बाई वाढा, बाई वाढा म्हणून गलका करू लागली. संघप्रिया उठली. तिने खिचडी वाढली. एकाची सांडली ती पुसली. एकीला भरवावी लागते, तिला भरवली. मॅडम कधी गेल्या ते तिला कळलं नाही.

अमोलचा फोन आला तेव्हा ती पातेलं घासत होती. तो स्टेशनवर आरक्षणाच्या रांगेत उभा होता, मागे माणसांचा गोंगाट ऐकू येत होता.

"नंबर आलाय माझा. पाहणी झाली?"

"झाली."

"मग आईचं एकटीचंच काढू ना तिकीट?" त्याच्या आवाजात हसू होतं. सकाळी ती घरातून निघाली तेव्हा ज्या जोरात बोलून निघाली होती, त्यावर तो अजून विसंबून होता. "एकच ना?"

संघप्रियाने ओला हात साडीला पुसला.

"एकच काढ," ती म्हणाली. "मैत्रीचं लागत नाही. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना सरकार फुकट नेतं."