टकटक

डॅरलने ऑइल फिल्टर करवतीने कापला, आतला घडीघडीचा कागद उलगडून बाकावर पसरला आणि त्यावरून चुंबक फिरवला. चुंबकाला धातूचा चकचकीत कीस चिकटून आला. त्याने तो सेल्मरच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे तुमचं इंजिन," तो म्हणाला. "तेलातनं फिरतंय."

सेल्मरने कीस बोटावर घेतला आणि पँटला पुसून टाकला. वर, लिफ्टवर ती भली मोठी काळी गाडी चाकं लोंबकळत टांगलेली होती. आठ माणसांची गाडी. नातवंडं येतील म्हणून त्याच्या बायकोने, आर्डिसने, अकरा वर्षांपूर्वी मायनॉट शहरातल्या लिलावातून ती जुनीच घेतली होती. नातवंडं दोनदा आली. बाकी सगळी वर्षं पुढच्या दोन सीटवर दोघंच. शेवटची पाच वर्षं आर्डिस चालवायची आणि सेल्मर शेजारी बसायचा. जानेवारीत आर्डिस गेली. आता मार्च चालू होता.

"आणि हिचं शेपूट कुठे गेलं?" डॅरलने पुढच्या जाळीतून लोंबणारा वायरचा तुकडा हलवला. रात्री इंजिन गोठू नये म्हणून ही वायर भिंतीतल्या प्लगला लावून ठेवायची असते. "न काढताच निघालात?"

"दोनदा."

"दोनदा!"

"काढायचं काम तिचं होतं," सेल्मर म्हणाला.

डॅरलने वायर जाळीत खोचली. तो पन्नाशीचा होता. त्याच्या बापाच्या हातात हे गॅरेज होतं, तेव्हापासून सेल्मर इथे येत होता. गाडीच्या पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात तेल बदलल्याची चिठ्ठी अजून होती, आर्डिसच्या हातची.

"किती दिवस टकटक करत होती?" डॅरलने विचारलं.

"कसली टकटक?"

"व्हॉल्व्ह उचलणारे लिफ्टर असतात ना, ते अडकलेत. या गाड्यांचं हे नेहमीचंच. सकाळी गार इंजिन सुरू केलं की टक टक टक, शिलाईचं मशीन चालल्यासारखं. महिनाभर तरी जोरात येत असणार."

"मला नाही ऐकू आली."

"तुमच्या अंगावरनं मालगाडी गेली तरी तुम्ही म्हणाल, आज वारं फार सुटलंय."

डॅरल हसला. सेल्मर हसला नाही. चाळीस वर्षं बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर आणि धान्य वाळवायच्या पंख्यांपाशी काढल्यावर कान राहतात कुठे? गावात निम्म्या म्हाताऱ्यांची हीच गत होती, आणि चर्चमधल्या कॉफीला सगळे एकमेकांना मान डोलावून हो म्हणायचे.

डॅरल चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "आर्डिसला आली होती."

"काय?"

तो जवळ आला, मोठ्याने बोलला. "आर्डिसला! सप्टेंबरात चाकं बदलायला आली होती ना, तेव्हा. मी कान लावून बघितलं. दोनच लिफ्टर गेले होते. सव्वीसशे डॉलरात झालं असतं. ती म्हणाली, यंदा नको, डॅरल, यंदा दुसरं काहीतरी घ्यायचंय. आणि सेल्मरला सांगू नकोस. तो ओरडेल, आणि आपण ओरडतोय हे त्याला ऐकूही येणार नाही."

शेवटचं वाक्य अगदी तिच्यासारखं होतं. सेल्मरने टोपी काढली, आत बघितलं आणि पुन्हा घातली.

"आता किती?"

"एकेचाळीसशे. तेही लिफ्टर हलवणारा दांडा, कॅम, वाचला असेल तर. शिवाय गिअर बदलताना थरथरते, मागचे हवेचे शॉक-ॲब्सॉर्बर बसलेत, एसीचा पाइप गळतोय. ते सगळं करायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीवर जाईल. भंगारवाला नऊशे देतो. माझा बाप असता तर म्हणाला असता, देऊन टाक."

"तू काय म्हणतोस?"

"मी तिची गाडी आहे म्हणून काही म्हणत नाही. पण लिफ्ट मला उद्या रिकामी हवी."

डॅरलने त्याला घरी सोडलं. संध्याकाळी मुलीचा, मार्सीचा, फोन आला.

"बाबा, देऊन टाका ती! एकट्या माणसाला बस घेऊन काय करायचंय?"

"हो."

"काय हो? मी काय म्हणाले?"

"द्यायची म्हणालीस."

"मग देताय?"

"बघतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये रबरबँडांच्या आणि बियाण्यांच्या दुकानातून आलेल्या पेन्सिलींच्या खाली ती राखाडी डबी होती. आर्डिसने ती ऑक्टोबरात आणली. किंमत तिने सांगितली नव्हती, त्याने पावती बघितली होती. सव्वीसशे. एक रविवार त्याने त्यातली कानयंत्रं लावली. चर्चमध्ये कपबशा कोठार कोसळल्यासारख्या वाजल्या. घरी येऊन त्याने ती डबीत घातली आणि म्हणाला, "तुझं मला नीट ऐकू येतं." त्यानंतर आर्डिस त्याच्या उजव्या बाजूला, जरा बऱ्या कानाकडे, बसायला लागली.

नोव्हेंबरात एकदा मायनॉटच्या रस्त्यावर तिने रेडिओ बंद केला होता. मान किंचित कलती करून एक बोट वर धरलं होतं आणि त्याच्याकडे बघितलं होतं. त्याने समोरचा रस्ता बघितला. हरीण वगैरे काही नव्हतं. त्याने रेडिओ परत लावला.

सकाळी त्याने कानयंत्रं लावली. फ्रीज घरघरत होता. बुटाखाली बर्फ करकरत होता, पार गॅरेजपर्यंत.

गाडी आता जमिनीवर होती. सेल्मर सवयीने चालकाच्या शेजारच्या सीटवर बसला.

"चालू कर," तो म्हणाला.

"कशाला?"

"मला ऐकायचंय."

डॅरलने त्याच्या कानांकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"सेल्मर, नवीन तेल भरलंय, पण कीस सगळा गेलेला नाही. कॅम अजून वाचलाय असं वाटतंय. सुरू केली तर कदाचित तोही खाईल. मग दुरुस्ती नाही, सरळ भंगार." त्याने खिडकीतून हात आत घालून किल्ली डॅशबोर्डवर ठेवली. "तुमची गाडी आहे. तुम्ही म्हणाल तसं."

सेल्मरने किल्ली उचलली. बाहेर कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. त्याला ते ऐकू येत होतं.

"आणि दुरुस्त झाल्यावर ती टकटक येईल?"

"आली तर पैसे परत," डॅरल म्हणाला.

सेल्मरने मान डोलावली. त्याने शेजारच्या, आर्डिसच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मग दार उघडून उतरला आणि किल्ली डॅरलच्या हातात दिली.

"बदल ते लिफ्टर."

गुरुवारी सामान येणार होतं, शनिवारपर्यंत गाडी तयार. वायरही नवी बसवायची होती. ती टकटक तेवढी ऐकायची राहिली.